पारी, पुरण आणि ओलावा

वऱ्हाडातील कारंजा लाड हे गाव दत्तसंप्रदायात नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, तर दिगंबर जैन परंपरेत भट्टारकांच्या पीठांचे आणि हस्तलिखितांच्या भांडारांचे स्थान म्हणून ओळखले जाते. सोवळ्यातला नैवेद्य आणि कांदा-लसूण वर्ज्य मानणारा स्वयंपाक अशा दोन शिस्ती तिथे शेजारी नांदतात, आणि पातळ पारीत, म्हणजे सारणावरच्या आवरणात, जिन्नस भरून केलेले गोड-तिखट पदार्थ दोहोंतही सामावतात. या पदार्थांचे खरे कसब चवीपेक्षा पारी आणि सारण यांच्या ओलाव्याचा मेळ बसवण्यात आहे.

ही परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात गव्हाच्या कणकेचे, तापलेल्या खापरावर भाजलेले मंडक आढळतात, आणि आजचे मांडेही पालथ्या खापरावरच भाजतात. मांड्याची कणीक बराच वेळ तिंबून इतकी चिवट करावी लागते की पुरण भरलेला उंडा हातांवर फिरवत पसरला तरी पारी फाटत नाही.

पुरणपोळीत कणीक सैल भिजवून, तेल लावून तास-दोन तास मुरू देतात. चण्याची डाळ पूर्ण शिजल्यावरच तिचा कट, म्हणजे आमटीसाठी उपयोगी पडणारे पाणी, निथळून गूळ घालतात, कारण गूळ आधी पडला तर डाळ पुढे मऊ होत नाही. गूळ विरघळताच पुरण पुन्हा पातळ होते, म्हणून त्यात कालथा उभा राहीपर्यंत ते आटवावे लागते. मग ते गरम असतानाच वाटतात आणि निवल्यावर भरतात. पुरण कणकेपेक्षा घट्ट राहिले तर ते लाटताना मध्येच थबकते आणि काठ कोरडे पडतात. ओलसर राहिले तर पारी भिजून तव्याला चिकटते. पोळ्याला बैलांपुढे ठेवली जाणारी पोळीही याच कसोटीला उतरावी लागते.

संक्रांतीच्या गुळपोळीचे गणित उलटे असते. तिचे सारण कोरडे दिसत असले तरी तव्यावर गूळ वितळतो, म्हणून कणीक घट्ट भिजवतात आणि सारण काठापर्यंत पोहोचवतात. एखादे छिद्र राहिले तर गूळ बाहेर येऊन करपतो.

तिखट बाजूला पुडाची वडी, अर्थात सांबारवडी, येते. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि ती हिवाळ्यात मुबलक मिळते. या वडीची पारी बेसन आणि कणकेची असून आतून चिंचेचे पाणी व मसाला लावतात, आणि कोथिंबीर, तीळ, सुके खोबरे भरून पुडा बांधून तळतात. हे सारण लसणावाचूनही रुचकर लागते. मात्र चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य मानणाऱ्या जैन घरांत त्याला त्या काळात थारा नसतो. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करणे आणि मीठ अगदी शेवटी घालणे ही इथली मेख आहे, कारण मीठ पानांतले पाणी ओढून काढते आणि ओला पुडा तेलात फुटतो.

पदार्थ गोड असो वा तिखट, पारीचे एकच ठरीव प्रमाण सर्वत्र चालत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने आधी सारण तयार करावे, ते चिमटीत दाबून त्याचा ओलावा पाहावा आणि तव्यावर किंवा तेलात त्याचे काय होईल याचा विचार करूनच कणीक भिजवावी.