खर्जाचं देणं

आमच्या गुरुजींनी मला गायला शिकवलं असं मी म्हणणार नाही. माझा गळा त्यांनी पहिल्याच तालमीत मोडीत काढला होता. त्यांनी मला खालचा सा धरून उभं राहायला शिकवलं. त्यांचं मी जे काही देणं लागतो, ते त्या एका स्वराचं.

नगरच्या मंडळीत (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) रविवारच्या उपासनेत दोन संगीतं शेजारी शेजारी नांदायची. एक, १८३१ साली नगरला ठाणं केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांचं: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांचं. दुसरं, कृष्णराव सांगळ्यांच्या कीर्तनांचं आणि रेव्हरंड टिळकांच्या पदा-अभंगांचं: पेटी, तबला, झांजा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनच्या कामात ते वर्षानुवर्षं राहिले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या वाटेनं, असं ते सांगत. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक चाळताना त्यांचं नाव किती वेळा दिसतं ते नगरच्या कुठल्याही ख्रिस्ती घरातलं पोर सांगेल.

दोन्ही संगीतं छान होती, फक्त एकमेकांशी बोलत नव्हती. चार आवाज म्हणजे विलायती चाल, आणि तिच्यावर चढवलेले मराठी शब्द. त्या चालींत बऱ्याचदा पहिला स्वर ठेक्याआधी येतो आणि जोर दुसऱ्यावर पडतो. तिथं ‘प्रभू’ नीट बसतो, पण ‘देवा’ म्हणायचं झालं की सगळा भार ‘वा’वर जातो आणि मंडळी देवाला परक्या हेलानं हाक मारते. उलट अभंग आला की क्वायरचं कामच संपायचं. सगळे एका सुरात गाणार. मग चार आवाजांची माणसं रांगेत उभी कशाला?

गुरुजींना हा प्रश्न छळायचा. शाळामास्तर माणूस, पेटी उत्तम, पाश्चात्त्य लिपी स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. एकदा त्यांनी भूपातल्या चालीचा एक अभंग क्वायरसाठी घेतला. पेटीवर बसणाऱ्या पोरानं सवयीनं खाली कॉर्ड धरले, तसे गुरुजी उठलेच. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. आणि नेहमीच्या कॉर्डांपैकी एकात म-ध-सा, दुसऱ्यात प-नि-रे. म्हणजे आधार म्हणून जे खाली ठेवलं, त्यातच रागाला वर्ज्य असलेले स्वर. “पाहुण्यांनी घर बळकावलं,” असं म्हणून त्यांनी भाता बंद केला.

मग त्यांनी जे केलं ते मला आजही मोठं वाटतं. मूळ चाल सोप्रानोकडे, तिला धक्का लावायचा नाही. आल्टोला त्याच पाच स्वरांतली, पण संथ चालणारी दुसरी ओळ. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. त्या आखूड चरणानंतर जी जागा रिकामी राहते, तिथं टेनरनी ध्रुपद उचलायचं, टाळकरी उचलतात तसं. आणि बास? बासनी सा धरायचा, मध्येच कुठं पंचम. बस्स.

माझा आवाज नुकताच फुटला होता. सोप्रानोतून हाकललेला मी तीन म्हाताऱ्यांच्या शेजारी येऊन पडलो होतो आणि आता अख्खा अभंग एकाच स्वरावर काढायचा होता. मी कुरकुरलो. गुरुजी म्हणाले, “तू तंबोरा आहेस. तंबोऱ्याला कधी कंटाळा येतो का रे?” शेजारच्या काकांनी युक्ती शिकवली: दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. आपला दम संपत आला की ते माझ्या कोपराला कोपर लावत. तेवढा वेळ स्वर माझ्यावर. त्या काकांचंही मी देणं लागतो.

गुरुजी कट्टर प्रॉटेस्टंट, पण सप्टेंबरात आम्हाला हरेगावला कॅथलिकांच्या मतमाउलीच्या यात्रेला नेत, निव्वळ ऐकायला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिकांची मिस्साही मराठीत आली. हरेगावची गर्दी कुणी न शिकवता दोन सप्तकांत गाते, बायका वर, पुरुष खाली. “बघा,” ते म्हणायचे, “खर्ज मिशनऱ्यांनी नाही आणला.”

पुढे नोकरीच्या गावी एस्टोनियाच्या आर्व्हो पार्टचं संगीत कानावर पडलं. १९७६ पासून तो ज्या रीतीनं लिहितो, तिच्यात एक आवाज पायरी पायरीनं चालतो आणि दुसरा एकाच त्रिस्वरातले स्वर घंटेसारखे वाजवत राहतो. जगभरच्या चर्चमधली क्वायर्स त्याचं संगीत गातात. गुरुजींनी हे नाव ऐकलेलं असणं शक्य नाही, आणि त्यांना पार्टच्या पंगतीला बसवण्याचा माझा इरादा नाही. पण चालीला न बुजवता तिच्याभोवती आवाज कसे उभे करायचे, हा प्रश्न दोघांचाही होता. आणि नगरच्या मास्तरनं तो पगार घेऊन नव्हे, सुटीच्या रविवारी सोडवला होता. मानधनाची गोष्ट एका पाळकसाहेबांनी काढली तेव्हा म्हणाले, “टिळकांनी कधी बिल पाठवलं?”

आज बऱ्याच ठिकाणी कीबोर्ड आणि तयार ट्रॅक आहेत. नव्या गीतांत भक्ती आहे, तरुण मुलं मन लावून गातात, याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की सगळे एकच ओळ गातात आणि खालचा आवाज यंत्राकडे दिला जातो. ज्याचा गळा सुरेल नाही पण दम पक्का आहे, अशा पोराला त्यात जागा नाही. माझ्यासारखा मुलगा आज क्वायरमध्ये घेतलाच जाणार नाही.

गुरुजींची सरगममध्ये लिहिलेली वही माझ्याकडे आहे, चार आवाज चार रंगांच्या शाईत. राहुरी, वडाळा, श्रीरामपूर, संगमनेर, कुठल्याही मंडळीच्या क्वायरला तिची प्रत हवी असेल तर मी देईन. बदल्यात एक करा: तुमच्या मंडळीत जुन्या चाली ज्यांना येतात त्या म्हाताऱ्यांना बसवून त्या फोनवर रेकॉर्ड करून घ्या, आणि नवं गीत बसवताना खर्जासाठी दोन माणसं ठेवा.