लहान मेंदू अपुरा राहिलेली मांजरे

लहान मेंदूची वाढ जन्माआधी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खुंटली, तर त्या मांजराला आयुष्यभर तोल सांभाळता येत नाही. या अवस्थेला सेरेबेलर हायपोप्लेझिया म्हणतात. तिच्यामागे बहुतेक वेळा पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य रोग असतो. गाभण मांजरीला त्याची लागण झाली की विषाणू पोटातल्या पिल्लांपर्यंत पोहोचतो आणि वेगाने विभागणाऱ्या पेशी नष्ट करतो. मांजराचा लहान मेंदू गर्भावस्थेच्या अखेरीस आणि जन्मानंतरही काही आठवडे वाढतच असतो, त्यामुळे घाव नेमका तिथे बसतो. हा दोष आनुवंशिक आहे असे दीर्घकाळ मानले जाई. १९६६ मध्ये लॉरेन्स किलहॅम आणि जॉर्ज मार्गोलिस या अमेरिकी संशोधकांनी त्यामागे विषाणू असल्याचे दाखवून दिले. गाभण मांजरीला टोचलेल्या जिवंत विषाणूच्या लसीमुळेही असे होऊ शकते.

पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होऊन चालू लागेपर्यंत काहीच लक्षात येत नाही. मग ते पाय फाकवून उभे राहते, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून आपटते, वळताना कोलमडते. दुधाच्या बशीकडे तोंड नेले की डोक्याची थरथर वाढते, कारण ही थरथर हेतूने केलेल्या हालचालीबरोबर येते. पिल्लू स्वस्थ पडले की ती कमी होते आणि झोपेत पूर्ण थांबते. स्नायूंत ताकद असते, भूक असते, दिसते, ऐकू येते, माणसाची ओळख पटते. हा दोष वयाबरोबर वाढत नाही आणि त्याच्या वेदना होत नाहीत. एकाच वेताची पिल्ले वेगवेगळ्या प्रमाणात बाधित होतात. एखादे अगदी निरोगी निघते, तर एखाद्याला मान धरवत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या रत्नागिरीतील घरी माळ्यावर व्यालेल्या मांजरीच्या वेतात अशी दोन पिल्ले निघाली. एक मादी, जिचे नाव पुढे चिंगी पडले, आणि तिचा भाऊ. चिंगी हिंडू लागली तेव्हा तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेण्यात आले. तिथे जे घडले ते अशा मांजरांच्या बाबतीत वारंवार घडते, म्हणून ते तपशीलाने नोंदवणे आवश्यक आहे.

पिल्लू स्टीलच्या टेबलावर ठेवले गेले. गुळगुळीत, गार पत्र्यावर निरोगी पिल्लूही बिचकते. चिंगीचे चारही पाय चार दिशांना गेले आणि ती थरथरू लागली. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितले, "फेफरे आहे. वाढत जाणार. हाल करण्यापेक्षा झोपवून टाका." गोळ्या हव्या असतील तर फिनोबार्बिटोन लिहून देतो, पण उपयोग नाही, असेही ते म्हणाले. संमतीचा छापील कागद पुढे आला. लेखिकेने घरी विचार करून सांगते म्हटल्यावर उत्तर मिळाले, "तुमच्या हौसेसाठी मुक्या जिवाला त्रास देताय."

हे वाक्य अजूनही टोचते, आणि ते ज्या तपासणीवर उभे होते ती पाहता टोचणे रास्त आहे. त्या तपासणीत पिल्लाला एकदाही जमिनीवर ठेवले गेले नाही. ते चालते कसे, हे पाहिले गेले नाही. आईला आजार झाला होता का, बाकीची पिल्ले कशी आहेत, थरथर चालू लागल्यापासून आहे की मागाहून आली, हे विचारले गेले नाही. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे झोपेत थरथर थांबते का. तो विचारायला वेळ लागत नाही, यंत्र लागत नाही. फेफऱ्याचा झटका अचानक येतो, बहुधा शुद्ध हरपते, तोंडाला फेस येतो, कधी लघवी होते आणि साधारण एक-दोन मिनिटांत झटका ओसरतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मांजर बहुधा नीट चालते. चिंगी पूर्ण शुद्धीत होती, हाक मारली की बघत होती आणि तिची थरथर हालचालीपुरती होती. हे दोन आजार दाराशी बसलेल्या माणसालाही वेगळे ओळखता आले असते, फक्त बघायला हवे होते. फिनोबार्बिटोनने तिच्या तोलाला काडीचा फायदा झाला नसता. उलट ते औषध सुरुवातीला निरोगी मांजरालाही गुंगी आणते आणि डगमगायला लावते. म्हणजे गोळ्या दिल्या असत्या, तर ती आणखी कोलमडली असती आणि तेच आजार वाढल्याचा पुरावा ठरले असते.

भीती वाटते ती याची. गुराढोरांवर उत्तम उपचार करणारे अनुभवी डॉक्टर मांजराच्या मेंदूविकारांबाबत असे चटकन बोलून जातात, आणि समोरचा माणूस डॉक्टरांवर विश्वास ठेवून सही करतो. किती पिल्ले अशी गेली असतील, याची कुठेही नोंद नसते. दयामरणाचा विचार करताना कसोटी एकच असायला हवी : या जनावराला जिवंत ठेवणे त्याच्यासाठी क्रूर आहे का? चाल वेडीवाकडी आहे, पाहणाऱ्याला कसेसे होते, हे त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. हलणे म्हणजे दुखणे नव्हे. खाणे, पिणे, अंग चाटणे, उन्हाची जागा शोधणे, खेळणे आणि माणसाजवळ येणे यांतले जनावर काय काय करते, हे पाहावे. जो निर्णय परत फिरवता येत नाही, त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पाळणाऱ्याचा हक्क आहे आणि तो बजावताना संकोच करू नये.

दुसऱ्या दवाखान्यात गोणपाट अंथरून पिल्लू खाली सोडले गेले. पुढ्यात खाण्याची वाटी ठेवली गेली आणि डॉक्टर खुर्ची ओढून बघत बसले. खाऊन झाल्यावर पिल्लू टोपलीत झोपले, तेव्हा त्याच्या अंगाला कंप नव्हता. निदान तिथेच झाले. एमआरआयमध्ये लहान मेंदूचा अपुरा आकार दिसू शकतो, पण अशा स्पष्ट लक्षणांत त्याची गरज बहुधा पडत नाही. औषध काही नाही, कारण नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत.

तोल जाणारे प्रत्येक मांजर या प्रकारातले नसते. धडधाकट मांजर अचानक डोके एका बाजूला कलवून गोल फिरू लागले आणि डोळ्यांची बुबुळे झटके देत हलू लागली, तर दोष बहुधा आतल्या कानाशी निगडित तोलयंत्रणेत असतो. कानातला संसर्ग किंवा गाठ हे त्याचे कारण असू शकते. कारण सापडत नाही तेव्हा बहुतेक मांजरे दोन-तीन आठवड्यांत आपोआप सावरतात. किनारपट्टीवर आणखी एक कारण लक्षात ठेवावे. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिनेज हे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. केवळ कच्च्या मासळीवर वाढलेले मांजर मान छातीकडे झुकवते, लडखडते, त्याला झटके येतात. वेळेत ब-१ टोचले तर ते बरे होते. मासे शिजवले की हे विकर निकामी होते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराला लावले तर तीव्र थरथर, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो. मागचे पाय अचानक लुळे व गार पडून मांजर कळवळू लागले, तर हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. तिथे तासही दवडू नये.

शेजारीपाजारी पहिली शंका घेतात ती रेबीजची. ती शंका हसण्यावारी नेऊ नये, कारण आपल्याकडे रेबीज खरोखर आहे. मात्र रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मांजर झपाट्याने खालावते आणि काही दिवसांतच मरते. चालू लागल्यापासून महिनोन्‌महिने तशीच डुलत चालणारी मांजर त्यात बसत नाही. चिंगीला तीन महिन्यांनंतर रेबीजची लस दिली गेली आणि तिचे कार्ड आळीतल्या काळजी करणाऱ्यांना दाखवले गेले. समजावण्यापेक्षा कागदाचा उपयोग जास्त झाला. तिच्यापासून इतर मांजरांना तोलाचा हा दोष लागत नाही.

अशा मांजराच्या घरात सगळ्यात मोठा शत्रू फरशी. गुळगुळीत टाइलवर पाय फाकतात आणि हनुवटी आपटते, दात तुटतात. सतरंजी सरकते. काथ्याची पायपुसणी मात्र नखांना पकड देतात, म्हणून जेवणाची जागा, झोपण्याची जागा आणि वाळूचे घमेले यांच्यामध्ये ती सलग मांडावीत. नखे फार बारीक कापू नयेत, कारण तीच या मांजराची आधाराची साधने असतात. पाण्याला हलके भांडे चालत नाही, जड दगडी कुंडी लागते. ती जरा उंच पाटावर ठेवली की मान कमी वाकवावी लागते. वाळूच्या घमेल्याला तीन बाजूंनी उंच कड आणि पुढे सखल तोंड असावे, म्हणजे मांजर भिंतीला टेकून विधी उरकते. न्हाणीघरातल्या भरलेल्या बादल्या झाकणे अत्यावश्यक आहे. डोकावताना आत पडलेल्या मांजराला बाहेर येता येत नाही. जिना आणि गच्ची बंद ठेवावी, खिडक्यांना जाळी असावी. निरोगी मांजर पडताना अंग वळवून पायांवर येते, पण हे मांजर त्या कौशल्यावर विसंबू शकत नाही. त्याला मोकळे बाहेर सोडू नये, कुत्र्यापासून त्याला पळता येत नाही.

या मर्यादांत मांजर पुष्कळ शिकते. मेंदूचा दोष तसाच राहतो, पण शरीर वाटा शोधते. चिंगी भिंतीला बरगडी टेकवून चालायला शिकली, उडी मारण्याऐवजी नखांनी चादर धरून पलंगावर चढायला शिकली. झुरळ तिला पहिल्या झेपेत कधी सापडत नाही, आणि ती झेप घ्यायचे थांबवतही नाही. सौम्य आणि मध्यम दोष असलेली मांजरे नेहमीच्या मांजरांइतकी वर्षे जगतात. त्यांची नसबंदी इतरांसारखीच करता येते.

चिंगीच्या भावाची गोष्ट वेगळी झाली. त्याला उठता येत नव्हते. चमच्याने भरवताना डोके इतके हलायचे की अन्न श्वासनलिकेत जायचे. कूस बदलून दिली नाही तर तो आपल्याच लघवीत पडून राही, आणि त्याला फुप्फुसाचा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच, रात्र-रात्र जागून भरवल्यानंतर, त्याला जाऊ देण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला. तो निर्णय योग्य होता. त्याच्या बाबतीत ठेवणे म्हणजे हाल करणे हे वाक्य अक्षरशः खरे होते, आणि ते पहिल्यांदा उच्चारणाऱ्या डॉक्टरांवरचा राग तेव्हापासून पूर्वीइतका निर्भेळ राहिलेला नाही. त्यांनी पिल्लू बघितले नव्हते, हा आक्षेप कायम आहे. पण अशा मांजरांना कोणत्याही परिस्थितीत जगवावेच, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही आता पूर्ण मनाने उभे राहता येत नाही.

हा दोष बरा होत नसला तरी टाळता येतो. पॅनल्युकोपेनियाची लस पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. गाभण मांजरीला आणि चार आठवड्यांखालच्या पिल्लांना जिवंत विषाणूची लस देऊ नये. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी या मिश्रणाने जागा पुसावी लागते. रोगातून वाचलेल्या मांजरीत प्रतिकारशक्ती तयार होते, त्यामुळे तिची पुढची वेते बहुधा निरोगी निघतात. तरीही वेतामागून वेते होऊ देण्यात शहाणपण नाही. पिल्लांनी दूध सोडताच माळ्यावरच्या त्या मांजरीची नसबंदी करण्यात आली. दारात येणाऱ्या मांजरीला दूध-भात घालणाऱ्या प्रत्येक घराने तिची लस आणि नसबंदी ही आपलीच जबाबदारी मानावी.