गोठ्याच्या सहा तुळया

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराचा मागचा गोठा उतरवला. किंजळाच्या सहा तुळया खाली आल्या, धुराने काळ्याभोर. पुढे नवी पडवी काढायची होती. ठेकेदार म्हणाला, "जंगली लाकूड हे. जळणात घाला, साग आणा." सागाचा भाव ऐकून बाबा गप्प झाले. मी बेळगावात सिव्हिल शिकते, म्हणून आजीने मलाच विचारलं, "तुमच्या कॉलेजात लाकूड तपासत नाहीत काय गं?"

तपासतात. एका तुळईचं टोक कापून नेलं. त्यातून २ सेंटिमीटर जाड, तेवढ्याच रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब कांड्या काढल्या. गाठ नाही, चीर नाही अशा. २८ सेंटिमीटरवरच्या दोन टेकूंवर कांडी ठेवून यंत्राने मध्यावर भार वाढवत न्यायचा. किती वाकली, कधी मोडली ते लिहायचं. ओलावाही मोजायचा, कारण ओलं लाकूड लवकर हार मानतं. आमच्या कांड्या सागाच्या तोडीस तोड निघाल्या. सरांनी भारतीय मानक ८८३ उघडून दाखवलं. त्यात लाकडाचे ताठपणावरून अ, ब, क असे तीन गट आहेत. साग आणि किंजळ दोन्ही 'ब'मध्ये! सागाचा मान आहे तो वाळवीला दाद देत नाही आणि वाकडा होत नाही म्हणून.

मी लगेच बाबांना फोन लावला. सर ऐकत होते. म्हणाले, "तू किंजळ तपासलंस. तुळया कुठे तपासल्यास?"

कांडी निर्दोष निवडलेली असते, तुळई जशी असेल तशी. तिची प्रत डोळ्यांनी लावायची: गाठी केवढ्या, रेषा किती तिरक्या, चिरा, किडीची भोकं. गावी परतून मेस्त्रीकाकांबरोबर एकेक तुळई पालथी घातली. एकीच्या बरोबर मध्यावर, खालच्या कडेला मुठीएवढी गाठ होती. तुळई वाकताना खालची कड ताणली जाते आणि तिथेच फाटते. काकांनी हातोडीने ठोकत दुसरीचं टोक गाठलं. आवाज बद्द आला. भिंतीत पुरलेलं ते टोक आतून कुजलेलं होतं.

चार तुळया पडवीवर चढल्या. गाठीची कापून खांब केला; खांबावर नुसता दाब येतो, तिथे गाठ तितकी नडत नाही. सहावी आजीच्या न्हाणीत जळाली. ठेकेदाराचं तेवढं खरं झालं.