एका व्यंगचित्रकाराचें संग्रहालय

पुण्यांत पाहण्याजोगीं स्थळें कोणतीं, असें परगांवच्या पाहुण्यानें विचारिलें म्हणजे शनिवारवाडा, पर्वती, केळकर संग्रहालय हीं नांवें आमच्या तोंडीं आपोआप येतात. त्या यादींत आणखी एका नांवाची भर घालावी, असें आम्हांस नुकतेंच वाटूं लागलें आहे. आणि त्यास कारण झाला आमचा नातू.

प्रकार असा घडला. चिरंजीवांच्या एका स्नेह्यानें ब्रुसेल्सहून कांहीं छायाचित्रें पाठविलीं. तेथें रेने मॅग्रिट या बेल्जियन चित्रकाराचें स्वतंत्र संग्रहालय २००९ सालीं उघडलें आहे. हा चित्रकार अतिवास्तववादी पंथाचा. म्हणजे स्वप्नांत जसे पदार्थ भलत्याच जागीं दिसतात, तसे ते रंगविणारा. त्याच्या १९५३ सालच्या एका प्रसिद्ध चित्रांत वाटोळी साहेबी टोपी घातलेले एकसारखे अनेक गृहस्थ पावसाच्या थेंबांप्रमाणें आकाशांत तरंगत आहेत, आणि त्या चित्राचें नांव काय, तर ‘गोळकोंडा’! हीं चित्रें पाहून नातवानें विचारिलें, “आजोबा, आपल्या पुण्यांत असें एकाच चित्रकाराचें संग्रहालय नाहीं का?” आम्ही निरुत्तर झालों. मग त्यानेंच शोध काढून सांगितलें कीं, आहे. आणि पुढच्या रविवारीं आम्हां दोघांची स्वारी बालेवाडीस निघाली.

सदाशिव पेठेंत जन्म काढलेल्या आमच्यासारख्यास बालेवाडी म्हणजे परमुलूखच. तेथें आर. के. लक्ष्मण यांच्या नांवाचें कलादालन व संग्रहालय असून ६ मार्च २०२२ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. लक्ष्मण हे अतिवास्तववादी नव्हेत, व्यंगचित्रकार. तरीहि त्यांचीं चित्रें पाहतांना मॅग्रिटचा तो टोपीवाला आम्हांस राहून राहून आठवत होता. कारण लक्ष्मण यांनींहि असाच एक निनांवी, मुका मनुष्य जगास दिला आहे. धोतर, चौकटीचा कोट, वाटोळा चष्मा, टकलाभोंवतीं उडणारे चार केस आणि कायमचा विस्मय. मॅग्रिटचा टोपीवाला बोलत नाहीं, कारण तो स्वप्नांतला. आमचा कोटवाला बोलत नाहीं, कारण त्यास कोणी विचारीतच नाहीं.

हा ‘सामान्य माणूस’ कसा जन्मला, ती हकीकत मोठी गमतीची आहे. आरंभीं लक्ष्मण चित्रांत बंगाली, तमिळ, पंजाबी अशीं प्रांतोप्रांतींचीं माणसें पार्श्वभूमीस काढीत. परंतु रोजच्या दैनिकाचें काम. वेळ कोठून पुरणार? तेव्हां एकेक माणूस गळत गेला, आणि शेवटीं जो एकटा उरला, तो साऱ्या देशाचा प्रतिनिधि ठरला. १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियांतील ‘यू सेड इट’ या सदरांत तो पन्नासाहून अधिक वर्षें मुकाट्यानें उभा होता.

संग्रहालयांत मालगुडी गांवाची लहानशी प्रतिकृति केली आहे; ध्वनि व दृश्य यांच्या योजनेनें ती सजीव होते. हें गांव लक्ष्मण यांचे वडील बंधु आर. के. नारायण यांनीं कल्पनेनें वसविलें, आणि धाकट्या भावानें रेषांनीं त्यास रूप दिलें. नातू तेथेंच रेंगाळला. आम्ही मात्र चित्रांपुढें उभे राहून लक्ष्मण यांचें चरित्र आठवूं लागलों.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ रोजीं म्हैसुरास झाला. वडील मुख्याध्यापक. मुलगा घरच्या भिंतींवर, दारांवर, जमिनीवर चित्रें काढी, आणि शाळेंत शिक्षकांचीं विडंबनचित्रें! एकदां वर्गांत त्यानें काढलेलें पिंपळाचें पान पाहून शिक्षकांनीं शाबासकी दिली, आणि आपण चित्रकार होणार असें त्या मुलास वाटूं लागलें. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनें प्रवेश नाकारला, तरी तें वाटणें पुसलें गेलें नाहीं. २००३ सालीं पक्षाघातानें डावी बाजू लुळी पडली, तरी कुंचला सुटला नाहीं. २६ जानेवारी २०१५ रोजीं, प्रजासत्ताक दिनीं, ते पुण्यासच निवर्तले.

त्या पिंपळपानापाशीं आमचें मन अडखळलें, आणि वाचकांपुढें एक गोष्ट कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे. पस्तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही आठवीच्या वर्गांत ‘देव’ शब्द चालवून दाखवीत होतों. मागल्या बांकावर खसखस पिकली. पाहतों तों एका मुलानें वहीच्या शेवटच्या पानावर आमचें चित्र काढलेलें. घसरलेला चष्मा, वर उचललेली तर्जनी, खडूनें माखलेलें नाक. चित्रांत खोटें असें कांहींच नव्हतें. राग आला तो त्याचाच. आम्हीं तें पान सर्वांदेखत फाडलें, मुलास तास संपेपर्यंत बाहेर उभें केलें, आणि वडिलांची चिठ्ठी आणावयास लाविली. चिठ्ठी आली, तींत क्षमा मागितली होती. त्यानंतर वर्षभर त्या मुलाच्या वहींत एक रेघहि वांकडी दिसली नाहीं. तो आम्हीं आपला विजय मानला.

विशेष हें कीं, त्याच तोंडानें आम्ही विद्यार्थ्यांस शाकुंतलांतला माढव्य आणि मृच्छकटिकांतला मैत्रेय रसाळपणें सांगत असूं. ज्यास पाहून हंसावयाचें तो विदूषक संस्कृत नाटककारांनीं ब्राह्मणच योजिला. तो खादाड, भित्रा, आणि वर प्राकृत बोलणारा. विद्वान कवींनीं विद्वान प्रेक्षकांपुढें हें हंसें खुशाल मांडलें. तें आम्ही शिकविलें, परंतु शिकलों नाहीं. राज्यकर्त्याची परीक्षा व्यंगचित्रानें होते असें म्हणतात, शिक्षकाचीहि होते. म्हैसुरच्या त्या गुरुजींनीं एका पानाचें कौतुक केलें; आम्हीं एक पान फाडलें.

परततांना बसमध्यें आम्हांस डुलकी लागली. जागे होऊन पाहतों तों नातू गुडघ्यावर वही घेऊन कांहीं काढीत होता, आणि कोपरानें तें झांकीत होता. “बघूं रे,” आम्ही म्हणालों. भीतभीतच त्यानें वही पुढें केली. मान कलंडलेली, तोंड उघडें, चष्मा पूर्वीं होता तेथेंच. हंसूं यावयास आम्हांस क्षणभर वेळ लागला, हें खरें, पण आलें.

असो. वाचकांनीं सवडीनें मुलांबाळांसह बालेवाडीस अवश्य जावें. आमचा तो विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकला असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडलाच, तर त्यास आमचें एवढेंच सांगणें आहे : चित्र हुबेहूब होतें. चूक आमची होती.