अंजनेरीस नेलेल्या दोन शिवराया

आमच्या देवघरांत बाळकृष्णाशेजारीं तांब्याची एक शिवराई तीन पिढ्या पूजेंत आहे. तिच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’ या तीन ओळींपैकीं ‘राजा’ तेवढें स्पष्ट, ‘श्री’ अर्धी, आणि ‘शिव’ तर ठाऊक असलेल्यानेंच वाचावें. दुसऱ्या अंगास ‘छत्र’ आहे. ‘पति’ नाहीं म्हटलें तरी चालेल.

गेल्या वर्षीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं पुण्याच्या जुन्या बाजारांतून साडेतीन हजार रुपयांस दुसरी शिवराई आणली. तिचीं सारीं अक्षरें अशीं ठसठशीत कीं, पहिलींतल्या मुलानेंहि वाचावीं. विकणाऱ्यानें घरच्या नाण्याचें वर्णन ऐकून, ‘पुसट अक्षरांचें खोटेंच असतें,’ असा निर्णयहि फुकट दिला होता! चिरंजीवांनीं तो घरीं सांगितला मात्र, आमच्या वहिनी म्हणाल्या, “मग भावोजी, खोटें नाणें देवांत कशाला?” प्रश्न सरळ होता, पण मला तो लागला. तें नाणें माझ्या आजोबांनीं देवांत ठेविलेलें.

श्रावणांत त्र्यंबकेश्वरास जाण्याचा योग आला तेव्हां दोन्ही शिवराया वेगवेगळ्या पुड्यांत बांधून बरोबर घेतल्या. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर अंजनेरी लागते. पाऊस नुकताच उघडला होता; डोंगराच्या काळ्या कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरत होत्या, आणि खालीं भाताचीं खाचरें तुडुंब भरलीं होतीं. लोक येथें येतात ते हनुमंताच्या जन्मस्थानाच्या श्रद्धेनें. मी मात्र पायथ्याशींच उतरलों, कारण १९८० सालीं स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था व तिचें संग्रहालय येथें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पारखणाऱ्या ‘रूपदर्शक’ नांवाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. तो शब्द मीं पुष्कळ वर्षांपूर्वीं वाचला. पण रूप कसें पाहावें, हें त्या दिवशीं कळलें.

दालनांत एक वयोवृद्ध संग्राहक गृहस्थ भेटले. मीं संकोचानें पुड्या सोडल्या. घरची शिवराई त्यांनीं भिंगाखालीं धरली व विचारलें, “मास्तर, ही घांसतां कशानें?”

“चिंचेनें. दररोज.”

त्यांनीं कपाळाला हात लावला. मग बाहेरच्या ओट्यावर बसून त्यांनीं जें समजाविलें, तें वाचकांसहि उपयोगीं पडेल.

१६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडल्या जाऊं लागलेल्या शिवराया यंत्राच्या नव्हेत. खालचा ठसा ऐरणींत पक्का, त्यावर तांब्याची चकती, तिच्यावर वरचा ठसा धरावयाचा आणि घण मारावयाचा. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. म्हणून सगळीं अक्षरें नाण्यावर मावतच नसत. ‘पति’ अर्धा तुटला, तर तो झिजला असें नव्हे, तो चकतीवर आलाच नाहीं. घण तिरका पडला, चकती एकीकडे पातळ निघाली, किंवा ठसाच जुना झाला, तरी अक्षर उथळ उमटे. घाव तिरका असेल तर नाण्याचें तेंच अंग दोन्ही बाजूंस फिकें दिसतें. आणि मुख्य खूण ही कीं, जेथें ठसा पोंचला नाहीं तेथें चकतीचा मूळचा खडबडीतपणा तसाच राहतो. झिजलेलें नाणें मात्र उंच भागीं गुळगुळीत होतें.

आमच्या शिवराईत दोन्ही सांपडलें. ‘शिव’ ज्या कडेला फिका, नेमक्या त्याच कडेला मागें ‘पति’ गेलेला. तेथील खोलगट भागांत हातोडीच्या खुणाहि टिकलेल्या. हें टांकसाळींतलें दुबळेपण. ‘श्री’चा माथा मात्र आमच्या चिंचेनें नेला!

“अस्सल आहे,” ते म्हणाले, “पण बाजारांत हिला थोडेंच मिळेल. संग्राहक पूर्ण अक्षरांचे पैसे देतो. आणि काळाचा जो थर तांब्यावर बसतो, तो तुम्हीं धुऊन काढला.”

दुसरी पुडी मीं जड हातानें सोडली. त्यांनीं ती पाहिली, आणि कांहीं न बोलतां आपल्या पिशवींतून एक शिवराई काढून तिच्याशेजारीं ठेवली. काठावरची खांच तीच, ‘छ’च्या पोटांतला फुगवटा तोच, चकतीचा वेडावांकडा आकारहि तोच. घणाच्या दोन घावांतून अशीं जुळीं भावंडें निघत नाहींत, साच्यांतून निघतात. भिंगाखालीं पृष्ठावर वितळलेल्या धातूच्या बुडबुड्यांचीं बारीक छिद्रें होतीं, आणि काठ कानशीनें घासलेला. एवढ्या लहान चकतीवर सगळींच्या सगळीं अक्षरें मावलेलीं पाहून आम्हांस जो आनंद झाला होता, तोच आधीं शंकेचा विषय व्हावयास हवा होता. ‘ती पिशवींतलीहि मला कोणी अशीच विकली,’ असें ते हंसून म्हणाले.

त्र्यंबकेश्वराचें दर्शन घेतलें; पण मन पुतण्याच्या साडेतीन हजारांत होतें. तो नुकता नोकरीस लागलेला, आणि तें नाणें त्यानें पहिल्या पगारांतून घेतलेलें.

घरीं आल्यावर चार माणसांत न सांगतां त्याला एकट्याला माडीवर बोलाविलें व दोन्ही शिवराया भिंगासह त्याच्यापुढें ठेवल्या. तो बराच वेळ पाहात होता. शेवटीं छिद्रें त्याचीं त्यालाच दिसलीं. “काका, घरच्या शिवराईची किंमत किती?” त्यानें विचारलें. मीं खरी ती सांगितली, तो हंसला.

खोटी शिवराई त्यानें आपल्या टेबलाच्या खणांत जपून ठेविली आहे, ओळख राहावी म्हणून. घरची पुन्हां बाळकृष्णाशेजारीं बसली. वहिनींनीं तिला हळदकुंकू वाहिलें, आणि चिंचेची वाटी उचलून बाकीच्या उपकरणांकडे वळल्या.