डोळे निरोगी, तरी फळा दिसेना

चौथीत असताना मला फळा दिसेनासा झाला. आम्ही तेव्हा सिल्वासाजवळच्या सुरंगीत राहायचो. वडील मूळचे जव्हारकडचे. करसवलतींमुळे सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहिले, त्या लाटेत ते धाग्याच्या कंपनीत लागले. घरात मराठी, बाजारात गुजराती, शेजारी वारली आणि कोकणा. माझी शाळा मराठी माध्यमाची.

त्याआधीच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ ट्रकखाली गेला. मी सोबत होते. अपघातातलं मला फारसं आठवत नाही. ट्रकवरच्या ताडपत्रीची निळी नायलॉनची दोरी सुटून लोंबत होती आणि तिच्या टोकाला गाठ होती, एवढं मात्र आजही सांगता येतं. घर माणसांनी भरलं, दिवसकार्य झालं, माणसं गेली. आईने त्याचं नाव घेणंच सोडलं. मीही घेतलं नाही. शेजारणी आईला म्हणायच्या, "पोरगी शहाणी आहे, रडली नाही बघा."

पावसाळ्यात शाळा सुरू झाली आणि आधी फळ्यावरची अक्षरं पुसट झाली. मग कडेचं दिसेना. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं गोल दिसायचं, बाकी करडं. मी दाराच्या चौकटीला धडकायचे. ताटातली भाजी दिसायची, शेजारचा पाण्याचा तांब्या नाही. गंमत अशी की ओट्यावरून उतरताना मी कधी पडले नाही. लोकांना संशय यायला तेवढं पुरलं. शाळेत एका बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "अभ्यास नको म्हणून नाटकं." एका दुकानात चष्मा करून दिला. त्याने काही फरक पडला नाही. भगताकडे नेलं, त्याने दाणे टाकून पाहिले आणि वाऱ्याचं काहीतरी सांगितलं. त्याचं एक मात्र मी मानते: त्याने मला खोटारडी म्हटलं नाही.

शेवटी वडिलांनी कंपनीतून सुट्टी काढून मला वलसाडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जे केलं, ते मला परिचारिकेचं शिक्षण घेताना नीट समजलं. तेव्हा सगळा खेळच वाटत होता. आधी बॅटरीच्या उजेडात बाहुली आकसते का ते पाहिलं. थेंब घालून आतला पडदा तपासला. दुसऱ्या खेपेला मला भिंतीपासून मीटरभर अंतरावर उभं करून, काडीच्या टोकावरचा पांढरा मणी कुठवर दिसतो ते विचारलं. मग दुप्पट अंतरावर नेऊन तेच. डोळ्याच्या किंवा नसेच्या आजाराने नजर आक्रसली असेल, तर लांब गेल्यावर दिसणारा गोल मोठा व्हायला हवा. माझा गोल तेवढाच राहिला. मग जाड भिंगांची चौकट डोळ्यांवर चढवली. एक भिंग घातलं, त्यावर दुसरं, आणि विचारलं, "आता?" मी खालच्या ओळी वाचल्या. दोन्ही भिंगं एकमेकांचा नंबर खोडून काढणारी होती, म्हणजे मी साध्या काचेतूनच वाचत होते. शेवटी एक खास चष्मा लावून माशीचं चित्र दाखवलं. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तरच ती माशी कागदावरून वर आलेली दिसते. मी तिचे पंख चिमटीत धरायला गेले आणि किंचाळून हात मागे घेतला.

आता इथे बाई म्हणू शकल्या असत्या, पकडली बघा पोरगी! त्यांनी वडिलांना आणि मला समोरासमोर बसवून सांगितलं, "हिचे डोळे निरोगी आहेत. हिला दिसत नाही, हेही खरं आहे. नजर परत येते, थोडा वेळ लागेल." मग विचारलं, घरात काही झालंय का. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि तिथेच पहिल्यांदा सगळं बोलले.

बाईंनी घरच्यांना जे सांगितलं ते औषधाइतकंच मोलाचं ठरलं: रागावू नका, उठता-बसता "ही किती बोटं" करून परीक्षा घेऊ नका, शाळा बंद करू नका, आणि गेलेल्या मुलाबद्दल हिच्यासमोर बोला. हे शेवटचं आईला जमेना. जमवलं आजीने. ती जव्हारहून राहायला आली आणि नागलीच्या भाकरी थापता थापता सहज म्हणू लागली, तुझ्या भावाला करपलेलीच आवडायची. तो असता तर ही पळवली असती. पहिल्यांदा आई उठून परसात गेली. पुढे ती तिथेच बसून राहू लागली, आणि एकदा तिनेच आजीची चूक सुधारली: करपलेली नव्हे, कडेची कडक.

वडील रात्रपाळी करून आले की मला अपघाताच्या त्याच रस्त्याने फिरायला न्यायचे, आधी घरापासून थोडंसंच, मग लांबवर. ट्रक आला की हात घट्ट धरायचे. काही विचारायचे नाहीत. मी आपणहून ट्रकच्या नंबरपाट्या वाचू लागले, डीएन ०९, जीजे, एमएच. आधी अक्षरं स्पष्ट झाली, कडेचं मात्र फार उशिरा परतलं. मधेच पुन्हा जायचंही. वर्षश्राद्धाच्या सुमाराला सगळं पुन्हा पहिल्यासारखं पुसट झालं तेव्हा आई घाबरली. पाचवीच्या अखेरीस मी मागच्या बाकावरून फळा वाचत होते.

पुढे वाचनातून कळलं की हा काही माझ्या एकटीचा प्रकार नव्हे. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीने माणसं मारली. त्यातून वाचून अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला पोचलेल्या दीडशेच्या आसपास बायकांची नजर गेलेली आढळली. डोळ्यांत दोष नव्हता. त्यांतल्या काहींना एकत्र बसून बोलण्याने आणि नव्या देशातले रोजचे व्यवहार शिकण्याने बरं वाटलं, अशी नोंद आहे.

अशा वेळी एक सोपं स्पष्टीकरण सगळ्यांच्या तोंडी असतं: जे पाहिलं ते पुन्हा पाहायचं नव्हतं म्हणून डोळ्यांनी संप केला. मला ते पटत नाही. ऐकायला छान आहे, पण पुन्हा सगळा भार त्या मुलावरच टाकतं, जणू त्याने आत कुठेतरी ठरवलं. मी काही ठरवलं नव्हतं. शिवाय पुष्कळ मुलांच्या बाबतीत असा मोठा आघात सापडतच नाही. वर्गातली चिडवाचिडवी किंवा परीक्षेची धास्तीही पुरते. आणि उलटही होतं, खरा आजार असतो आणि मनाचं म्हणून तो राहून जातो. म्हणून डोळ्यांची पूर्ण तपासणी आधी. दोन्ही एकत्रही असू शकतं.

२८ ऑगस्ट २००३ ला दमणगंगेवरचा दमणचा पूल कोसळला आणि शाळकरी मुलं बुडाली. ही आमच्याच भागातून वाहत जाणारी नदी. बातमी ऐकली तेव्हा मला गेलेल्यांइतकीच वाचलेल्यांची काळजी वाटली. "पोरं शहाणी आहेत, रडली नाहीत" असं त्यांच्याही घरी कुणी म्हणत असेल.

शाळकरी मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही इथून जवळच, पालघरला. त्यात नजरही तपासतात. आता २०२२ पासून मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा फोन आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. तरीही चष्मा देऊन उपयोग झाला नाही की "मूल लबाड आहे" हे वाक्य आजही पटकन येतं. मी परिचारिका म्हणून काम करते तिथे गेल्या वर्षी एक आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली, तेच सांगत. मी त्याच्यासमोरच तिला म्हटलं, "ताई, त्याला दिसत नाही हे खरं धरून चालू." आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथून समुपदेशकाकडे. आला तेव्हा तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एकच अक्षर, म्हणजे ६/६०, वाचायचा. परवा ६/१२ ची ओळ वाचली. उपचार अजून चालू आहेत.