बारीक टायरची गोष्ट

"तू मेकॅनिकलला आहेस ना गं? मग सांग, कुठले टायर घेऊ?"

गेल्या नोव्हेंबरात, ऐन सबमिशनच्या रात्री, आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. दादा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. मर्सिडीज आणि पोर्शच्या गावात राहून या पठ्ठ्याने गाडी घेतली ती म्युनिकची! सेकंडहँड बीएमडब्ल्यू २२० आय, दोन दारांची, लालभडक. (मराठी विभागाच्या संपादकांनी मला बजावलंय की इंग्रजी शब्द कमी वापर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला हे सांगणं म्हणजे... असो. टायरला मी टायरच म्हणणार.)

"आधी शपथ घे, आईला सांगणार नाहीस."

घेतली. मग त्याने सांगितलं. स्टुटगार्ट वाडग्यासारख्या खोलगट जागेत वसलंय, भोवती टेकड्या. सकाळी ऑफिसला जाताना उतारावर सिग्नल लाल झाला. त्याने ब्रेक मारला, पेडल पायाखाली थडथडलं आणि गाडी सरळ पुढे! बर्फ बिर्फ काही नव्हतं. नुसता ओला रस्ता आणि ३ अंश तापमान. गाडी थांबली ती झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडे. शाळेच्या मुलांचा घोळका नुकताच रस्ता ओलांडून गेला होता. दादा हे हसत हसत सांगत होता, पण त्याचं हसू काही खरं वाटेना.

"टायर जुने होते का रे?"

"छे गं! नवे कोरे, चांगले महागातले. उन्हाळी."

घोळ नेमका इथेच होता. हिवाळ्यात आपल्या हॉस्टेलवर खोबरेल तेलाची बाटली कशी दगड होते! उन्हाळी टायरचं रबर अगदी तसं गोठत नाही, पण साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक होऊ लागतं आणि रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला घट्ट चिकटेनासं होतं. हिवाळी टायरचं मिश्रणच असं असतं की थंडीतही ते मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात. त्यांत बर्फ अडकतो आणि तो अडकलेला बर्फच रस्त्यावरच्या बर्फाला धरून ठेवतो. तिकडे लोक 'ओ ते ओ' म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न (ईस्टर). कायद्यात मात्र तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असताना डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह नसलेले टायर सापडले, तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट.

दादाचा बेत ठरलेला होता. गाडी मागच्या चाकांवर चालते, तेव्हा मागे दोनच हिवाळी टायर टाकायचे, तेही आहेत तेवढेच रुंद, म्हणजे गाडीचा रुबाब जायला नको!

पहिली गोष्ट ऐकून माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. तिथे दोन टाके आहेत. एफ. ई. च्या पावसाळ्यात कॉलेजच्या गेटपाशी वळताना माझ्या स्कूटीचं पुढचं चाक घसरलं होतं. मागचं चाक घसरलं तर निदान सावरायची संधी मिळते. पुढचं गेलं की थेट जमीन. गाडी पडणार नाही, कबूल. पण ब्रेक मारल्यावर भार पुढे जातो आणि वळायचं तेही पुढच्याच चाकांनी. मी त्याला म्हटलं, "दादा, मागचे दोन तुला फक्त चढ चढवतील. उतारावर थांबायचंय कसं?" त्यावर तो गप्प झाला.

दुसऱ्या गोष्टीत मात्र मीही आधी चुकले. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, एवढंच माझं ज्ञान! सकाळी वर्कशॉपच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, वजन तेवढंच राहतं ना? मग अरुंद टायर बर्फाचा चिखल कापत खालच्या रस्त्याला भिडतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. मग मी सबमिशन बाजूला ठेवून आकडेमोड केली. दादाच्या गाडीला पुढे २२५/४० आर १८, मागे २४५/३५ आर १८. कागदपत्रांत आणखी एक माप चालत होतं, चारही चाकांना २०५/५० आर १७. पुढच्या टायरचा व्यास ६३७.२ मिलिमीटर, या नव्याचा ६३६.८! रिम एक इंचाने लहान, पण रबराची उंची ९० वरून १०२.५ मिलिमीटर. म्हणजे खड्ड्यात रिमही जरा वाचणार. आणि लहान माप स्वस्त, त्यामुळे चार टायर घेताना खिशाला कमी चाट.

स्कँडिनेव्हियात वापरतात तसले खूप मऊ टायर त्याने घ्यायचे नाहीत, हेही ठरलं. स्टुटगार्टला बर्फ थोडा, ओला गार डांबरी रस्ताच जास्त. त्याला मध्य युरोपसाठी बनवलेलेच बरे. शेवटी त्याला मिळाले ते 'एच' अक्षराचे, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचे. गाडी त्याहून वेगाने पळते, म्हणून नियमाप्रमाणे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर '२१०' असं स्टिकर लावावं लागतं. ते लावणं दादाच्या अगदी जिवावर आलं होतं!

डिसेंबरात त्याने फोटो पाठवला. लाल गाडी, टपावर बर्फ आणि खाली बारीक काळी चाकं. खरं सांगायचं तर गाडी थोडी बावळट दिसत होती. मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत आत्याचा फोन.

"काय गं, त्याच्या गाडीची चाकं बारीक कशी झाली? पैशांची अडचण आहे का त्याला?"

"नाही गं आत्या, तिकडे थंडीत तशीच घालतात."

"मग गेल्या वर्षी का नव्हती घातली?"

शपथ घेतली होती ना! मी म्हटलं, "आत्या, मेसची वेळ झाली," आणि फोन ठेवला.